चुन्याचे पट्टे आणि छावणीची गडगडी

मित्रांनो, मोहटोल्याच्या जुन्या छावणीत कधी आलात आणि विहिरीत वाकून पाहिलेत, तर डोक्यावर काहीतरी करकरेल. दचकू नका. ती मीच. दोन दगडी खांबांच्या मधल्या दांडीवर बसलेली, दोर घासून घासून पोटाला चर पडलेली, एक जुनी लोखंडी गडगडी. माझ्यावरून दोर फिरतो, बादली खाली जाते आणि भरून वर येते. एवढेच माझे काम. पण विहिरीवर बसणाऱ्याच्या कानावर साऱ्या गावाचे बोलणे पडते, आणि मोहटोल्याचे बोलणे म्हणजे निम्मे पाणी आणि निम्मा संशय.

माझा जन्म नागपुरातला. रहीमचाचा नावाच्या ओतकाम करणाऱ्या कारागिराने मला साच्यात ओतले, कानशीने घासून गुळगुळीत केले, आणि दांडीवर चढवून बोटाने फिरवले. डोळे मिटून त्यांनी माझा आवाज ऐकला. मग म्हणाले, "फिरती रह बेटी. रुकी तो जंग खा जाएगा." टाळाची जोडी घेताना टाळकरी तिचा नाद ऐकतात ना, तसेच ते ऐकणे होते. बापाचा तो एकच शब्द मी बरोबर घेऊन निघाले.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. फौजेच्या ट्रकमधून मी पोंभुर्ण्याच्या पुढच्या जंगलात आले. तिथे शिपायांची नवी छावणी उठत होती, आणि जिथे ती उठत होती ते शकुबाईचे शेत होते. शेताच्या कडेला मोहाच्या झाडांची रांग. नवरा वारलेली ही बाई एकटीच शेत कसत होती. जीपमधून आलेल्या कुणीतरी तिला सांगितले होते, "सहा महिन्यांसाठी जागा पाहिजे, बाई. लढाई संपली की तुमची तुम्हाला."

लढाई संपली. शिपाई गेले. बराकी रिकाम्या झाल्या, काटेरी तार तेवढी राहिली. गोरे साहेब गेले, आपले सरकार आले, आणि जागा दिल्लीच्या फौजी खात्याच्या नावावर तशीच पडून राहिली. शकुबाई तारेखालून वाकून आत यायची, चैत्रात मोहफुले वेचायची आणि जाता जाता माझ्याकडे अशी बघायची, जणू तिचे शेत मीच गिळले आहे.

तरी पाण्याला मात्र सारे गाव माझ्याकडेच येई. शिपायांच्या दिवसांत या विहिरीवर कोण कुठल्या घरचा हे कुणी विचारले नव्हते, आणि तीच रीत पुढे पडली. बारमाही पाणी होते, पण खोल. माझ्याशिवाय ते वर काढणे धडधाकट माणसालाही जड जाई.

वर्षातून एक दिवस माझा सणाचा असे. हनुमान जयंतीच्या सप्ताहात छावणीतल्या मोठ्या मोहाखाली भैयाजी बुवांचे कीर्तन रंगायचे. सहा दिवस मी विहिरीवरूनच ऐकायचे. मृदंगावर थाप पडली की माझ्या दांडीत बारीक कंप उठे. सातव्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला मात्र मला उतरवून मोहाच्या फांदीला टांगत, आणि दही, लाह्या, पोहे कालवलेली हंडी माझ्यावरून वर चढे. एरवी पाणी उचलणारी मी त्या दिवशी देवाचा काला उचलायचे. लोखंडाच्या जन्माला आणखी काय हवे?

आता ज्या वर्षाची गोष्ट सांगायची ते वर्ष ऐका. त्या चैत्रात देवाजी विहिरीवर धावतच आला. देवाजी गावचाच, फौजेतून घरी आलेला. ब्रह्मदेशच्या लढाईत त्याचा डावा हात कोपरापासून गेला होता. तो पाणी कसे काढायचा ते बघण्यासारखे होते. उजव्या हाताने दोर खाली ओढायचा, ओढलेला दोर पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायचा, मग पुन्हा हात वर न्यायचा. मी फिरते म्हणून ते जमायचे.

"शकुबाई, सरकार जागा देऊन राह्यलं! फुकट!"

"फुकट?" शकुबाईने घागर खाली ठेवली. "घेताना सहा महिने म्हनलं होतं. आता देताना काय म्हनते?"

"जागा दिल्लीची हाय. ते आपल्या तालुक्याच्या जनपद सभेले देनार. पन अट हाय. फौजेतून परत आलेल्या लोकांच्या सोयीसाठीच वापरा लागन. मुक्कामाले खोल्या, दवापानी, अन् ज्याचे हातपाय गेले त्याले बसून कराचं काम. एटापल्लीकडचे लोक चांद्याच्या दवाखान्यात जाता जाता रस्त्यातच मरतेत, बाई."

"अन् माहे मोह?"

"मोह कुठी जातेत?"

"शेत बी कुठी जात नवतं, देवाजी. इथीच होतं. तरी गेलं."

बाकीच्या बाया हसल्या. देवाजी नाही हसला. तो मान खाली घालून बादली ओढत राहिला.

त्यानंतर विहिरीवर दुसरे बोलणेच उरले नाही. कुणी म्हणे, जागा द्यायची म्हणजे आधी गाव उठवणार. कुणी म्हणे, देवाजीला आतून काहीतरी मिळाले आहे, नाहीतर एक हाताचा माणूस एवढा नाचेल कशाला? जी घागर भरे ती एक नवी शंका घेऊन घरी जाई.

एका संध्याकाळी देवाजीने पुरुषांना खरी अडचण सांगितली. काल्याच्याच दिवशी दुपारी नागपूरहून साहेब येणार होता. बराकीचे छप्पर धड आणि विहीर चालू दिसली तर जागा सैनिकांसाठी जनपद सभेला मिळणार. तसे नसले तर साहेब 'निकामी' असा शेरा मारणार आणि सरकार जागा लिलावात काढणार. हे ऐकायला शकुबाई नव्हती. गुणवंतराव मात्र होते. सागवानाचा ठेका घेणारे हे गृहस्थ. तारेच्या बाहेर जीप उभी करून त्यांनी सगळे ऐकले, आणि रिकाम्या जागेकडे अशा नजरेने पाहिले, जशी मांजर दुधाच्या शिंक्याकडे पाहते. मला ती नजर आवडली नाही. पण गडगडीला विचारतो कोण?

काल्याच्या आदल्या दिवशी शकुबाई सकाळी टोपली घेऊन मोह वेचायला आली आणि तारेपाशीच थबकली. रांगेतल्या प्रत्येक मोहाच्या खोडाला कमरेएवढ्या उंचीवर पांढरा चुन्याचा पट्टा होता, आणि त्याखाली गेरूचा तांबडा.

मित्रांनो, तुम्ही जंगलच्या मुलखातली मुले आहात. झाडाला चुना लागला की त्याचा अर्थ काय, हे तुम्हाला सांगायला नको. तोडीचा माणूस येतो, निवडलेल्या झाडावर खूण करतो, आणि पुढच्या खेपेला कुऱ्हाडी घेऊन येतो. शकुबाईने जन्मभर हेच पाहिले होते. तिने एका खोडावर हात ठेवला. बोटे पांढरी झाली. चुना अगदी ताजा होता.

"कोनं लावला हा?"

उत्तर मागून आले. गुणवंतराव जीपमधून उतरले होते. "देवाजी अन् त्याचे फौजी संगाती. काल दिसभर तेच करून राह्यले होते."

"काऊन?"

"आता मी काय सांगू, बाई? चुना कोन्त्या झाडाले लागते, तुमाले मालूम हाय."

"झाडं इकली त्यानं?"

"मी कोनाचं नाव घेत नाई." गुणवंतरावांनी रुमालाने मान पुसली. "उद्या साहेब येते. पानी पाह्यते म्हन्तेत. पानी निघालं नाई तं जागा देतच नाई. अन् जागाच देल्ली नाई, तं झाडं तोडाले येनार कोन? मी आपलं सहज बोललो. राम राम."

सहज! मित्रांनो, कीर्तनात बुवा सांगतात की कपटी माणूस कधी हुकूम देत नाही, तो दार दाखवून बाजूला होतो. ते मला त्या सकाळी पटले.

दुपारच्या उन्हात गाव घराघरांत पडून होते. शकुबाई आली. तिने दांडीची खीळ ठोकून काढली, मला उतरवले, दोर गुंडाळला आणि आम्हा दोघांना टोपलीत घालून वर मोहफुले पसरली. फुलांच्या त्या गोड वासात मी गुदमरून गेले. घरी नेऊन तिने मला धानाच्या ढोलीत पुरले. ढोली म्हणजे बांबूची उंच कणगी. वर झाकण घातले, आणि झाकणावर पाटा ठेवला. अंधार. विहिरीवर चढल्यापासून पहिल्यांदा मी ना पाण्यावर होते, ना काल्याच्या फांदीवर.

ऊन कलले तेव्हा दाराशी काठी वाजली. कुणीतरी धापा टाकत बसले. आधी गोंडीतला शब्द आला, "एर." मग मराठीत, "पानी, बाई. विहिरीवर गेलो. दोर नाई, गडगडी नाई."

शकुबाईची पावले माठाकडे गेली. मग तांब्या बुडाल्याचा आवाज आला. तो माणूस पीतच राहिला.

"कोन गावचा?"

"एटापल्लीच्या तिकडचा. कोलू म्हन्तेत मले. फौजेत होतो. अर्धा पाय तिकडंच राह्यला. उरलेला सडून राह्यला."

"अन् इथी कशाले आला?"

"उद्या साहेब येनार म्हनून. देवाजीभाऊनं सांगावा धाडला होता. दवाखाना होनार इथी. म्हनलं, साहेबाले पाय दाखवू."

शकुबाईचा आवाज कोरडा झाला. "देवाजीनं शिकवून पाठवलं तुले. खरं सांग. त्यानं झाडाले चुना लावला, तोडाची खून केली, अन् आता पाय दाखवाले मानूस धाडला."

कोलूने तांब्या खाली ठेवला. मग हसायलाच लागला. हसता हसता त्याला खोकला आला.

"अवं बाई! ते तोडाची खून नोहे. फौजेत साहेब येनार म्हनलं का तेच काम. झाडाले चुना, रस्त्याच्या दगडाले चुना, पट्टा कसा एका सुतात पाह्यजे. मी जंगलातला मानूस. पहिल्या बार मले झाडाले चुना लावाले सांगतलं, तं मी रडलो. म्हनलं, एवढं जंगल तोडतेत का काय! हवालदार हासून हासून खाली बसला."

"खरं?"

"खोटं बोलाले एवढं चालत येईन का मी, या पायानं?"

ढोलीच्या बाहेर तांब्या पुन्हा बुडाला. मग कोलू म्हणाला, "पन बाई, गडगडी गेली हे वाईट झालं. विहीर बंद दिसली तं साहेब निकामी लिहीन. मंग लिलाव. लिलावात आपल्यासारखा कोन उभा राह्यते? ठेकेदारच घेईन."

"अन् ठेकेदार मोह ठेवन का?"

"ठेकेदार?" कोलू म्हणाला, आणि त्याने काठी कुऱ्हाडीसारखी जमिनीवर आपटली.

शकुबाईने त्याला पडवीत घोंगडी टाकून दिली आणि रिकामी घागर घेऊन ती विहिरीकडे गेली. परत आली ती ताडताड पावले टाकत. तिने ढोलीवर दोन्ही हात आपटले. धानाआडून तिचे बोलणे मला स्वच्छ ऐकू आले.

"तिथी उभा राहून सांगून राह्यला तो गुणवंतराव, फौजी लोकाईनंच मोडीत घातली म्हने! अन् देवाजी मान खाली घालून आयकून राह्यला. मले वाटलं, मी चोराले अडवलं. चोरानं माह्याच हातानं चोरी करवली."

सकाळी काल्याचे कीर्तन उभे राहिले. माझे कान तिकडेच लागले होते. शकुबाईने पाटा काढला, मला वर ओढले, पदराने धानाचा भुसा पुसला. मग टोपलीत ठेवून, वर काहीही न झाकता, मला डोक्यावर घेतले आणि चालू लागली. मागून काठी टेकत कोलू.

मोहाखाली भैयाजी बुवा रंगात आले होते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाची शिळी भाकर, कुणाचे लोणचे, कुणाचे दही, आणि देवाने सगळे एकत्र कालवले. "त्यात पेंद्याचा घास कोन्ता अन् देवाचा कोन्ता, कोनाले ओळखू आला नाई!" बुवा म्हणाले, आणि विठ्ठलनामाचा गजर उठला. पण हंडी खालीच होती. फांदी रिकामी. लोकांचे डोळे घडीघडी देवाजीकडे जात होते, आणि तो एका हाताने टाळ कसा वाजवायचा म्हणून मांडीवर ताल धरून बसला होता.

"बुवा, हंडी हातानंच फोडा आता," गुणवंतराव पुढच्या रांगेतून म्हणाले. "गडगडी काही येत नाई. गेली ते मोडीच्या बाजारात."

"आली," शकुबाई म्हणाली.

गजर थांबला. मृदंगवाल्याचा हात हवेतच राहिला.

"मी काढली होती. झाडाले चुना पाह्यला, अन् वाटलं का देवाजीनं मोह इकले. माहं चुकलं, देवाजी. त्याचं जे बोलाचं ते तू बोल मले. पन आधी मी एक विचारतो." विदर्भातल्या बाया बोलताना अशाच बोलतात, मित्रांनो. ती गुणवंतरावांकडे वळली. "भाऊ, पानी नाई निघालं तं साहेब जागा देत नाई, हे तुमी मले सांगतलं. पन मंग जागा लिलावात जाते, अन् लिलावात तुमी उभे राह्यता, हे काऊन नाई सांगतलं?"

"मी... मी तं सहज..."

"सहज बोलाले तुमी जीपीतून उतरले होते. एवढ्या वर्षात माह्याशी बोलाले कधी उतरले नाई."

मोहाखाली हशा पिकला. बुवांनी तेवढ्यात सावरून घेतले. "वा, माय! आमचं आख्यान हंडीपाशी अडलं होतं. देवानं तुह्या टोपलीतून पुढचा चरण धाडला. टांगा गडगडी! दोर देवाजीच्या हाती द्या!"

मला फांदीला टांगले. देवाजी उठला. उजव्या हाताने दोर ओढला, अंगठ्याखाली दाबला, पुन्हा ओढला. हंडी हळूहळू चढू लागली. टाळ, झांजा, मृदंग, सगळे एका लयीत आले, आणि मित्रांनो, त्या गजरात माझी करकरसुद्धा सुरात लागली असे मला आजही वाटते. हंडी फुटली. काला सगळ्यांच्या ओंजळीत गेला. शकुबाईने गुणवंतरावांच्या हातावरही घास ठेवला.

"घ्या, भाऊ. काल्यात कोनाचं कोन्तं ते निवडता येत नाई. पन विहिरीवर कोन काय बोललं, ते आता मी निवडीन."

दुपारी साहेब आला तेव्हा मी माझ्या दांडीवर परत बसले होते. देवाजीने बादली काढून दाखवली. साहेब ओंजळीने पाणी प्याला, त्याने छप्पर पाहिले, कोलूचा पाय वाकून पाहिला. चुन्याचे पट्टे पाहून मात्र त्याला हसू आले. "जागा तुम्हाला मिळेल," तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शकुबाईने नाही वाजवल्या.

"परत तं घेनार नाई ना, साहेब? मले एक बार सहा महिने सांगतलं होतं."

साहेब खोटे बोलू शकला असता. नाही बोलला. "बाई, अट आहे. सैनिकांसाठी वापर चालू राहील तोवर जागा इथली. वापर थांबला, कुलूप लागलं, तर जागा पुन्हा दिल्लीची. मग काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"वापर चालू हाय का नाई, हे कोन पाह्यते?"

"कुणीतरी येईल पाहायला. कधीही."

"मंग मी पाह्यन," शकुबाई म्हणाली.

तिचे शेत तिला मिळाले नाही, मित्रांनो. हे मी लपवणार नाही. पण दुसऱ्या दिवसापासून पहाटेची पहिली बादली तिची असे. बराकीच्या दोन खोल्या झाल्या, औषधाचे कपाट आले, सुतारकामाचा बाक आला. कोलूचा उरलेला पाय वाचला. लंगडे, थोटे, एका डोळ्याचे, किती शिपाई या विहिरीवर आले! प्रत्येकजण मला फिरवून पाणी प्याला. धडधाकट माणसे मला नुसती गडगडी म्हणत. त्या शिपायांनी मात्र माझी दांडी तेलाने पुसली.

आता चांद्याला मोटारी जाऊ लागल्या आहेत. पुष्कळसे शिपाई तिकडेच जातात. एक खोली बंदच असते. माझा दोर विरला आहे, दांडीला तेल लागून किती दिवस झाले कोण जाणे. आणि परवा तारेच्या बाहेर पुन्हा गुणवंतरावांचीच जीप थांबली होती. आतून कुणीतरी गुराख्याला विचारत होते, "इथी आता कोनी येते का गा?"

गुराख्याने उत्तर द्यायच्या आधी मी करकरले. शकुबाई आली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण वाट पायांना पाठ आहे. प्यायला कुणी नव्हते, तरी तिने बादली काढली आणि मोहाच्या बुंध्याशी ओतली. मग पुन्हा काढली. जीप निघून जाईपर्यंत ती काढतच राहिली.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. मिळालेली वस्तू सांभाळायची म्हणजे तिला कुलूप लावायचे नसते. या वाटेने जाताना तहान नसली तरी आत या. दांडीला थेंबभर तेल घाला, एक बादली ओढा, मोहाला ओता, आणि बंद खोलीचे दार का बंद आहे ते विचारा. जोराने विचारा, तारेच्या बाहेर ऐकू जाईल असे.

मी करकरते ते दुखते म्हणून नव्हे. इथे अजून कुणीतरी पाणी काढते आहे, हे बाहेर ऐकू जावे म्हणून.